नळीवरचा पाचवा माणूस

तारीख चौदा मे, रविवार. वेळ सकाळी साडेसहा. जागा हैदराबाद, अंबरपेठ, आमच्या घराची गच्ची. हजर: मी, पायदळाच्या मॉर्टर प्लाटूनमधून निवृत्त सुभेदार, पत्नी शोभा, कुरडयांच्या वाळवणासह, मुलगी प्राजक्ता, मोबाईलसह. गैरहजर: वीज, पहाटे चारपासून. हवालदार भगवान सुरवसे उदगीरजवळ त्यांच्या गावी असतात. फोनवर होते, म्हणून हजर धरले.

फोन त्यांच्या सुनेने लावला होता. आम्हाला मॉर्टर शिकवणाऱ्या सुरवसे उस्तादांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे ते बोलतात, आणि आपलं उत्तर सून त्यांच्या कानाशी ओरडून पोचवते.

"काका, मामंजी इचारायलेत, लिव्हलाव का म्हणून."

"लिहितोय म्हणावं. आठ पानं झाली."

तिने ओरडून सांगितलं. मागून उस्तादांचा आवाज आला, मैदानावर यायचा तसाच: "आठ पानं कशाला? एक वळ लिव्ह म्हणावं त्याला! एक वळ!"

गोष्ट अशी आहे. आमच्या जुन्या पलटणीत सध्या एक तरुण मेजर आहेत. मी त्यांना पाहिलेलं नाही. पलटणीची रचना पुन्हा बदलायची चालली आहे, आणि या माणसाला एक चांगली बुद्धी सुचली. आम्हा पेन्शनर लोकांच्या ग्रुपवर त्यांनी निरोप टाकला: नव्वदच्या दशकात मॉर्टर प्लाटून कमी केली तेव्हा प्रत्यक्षात काय अडचण आली, हे ज्याने पाहिलं असेल त्याने एका पानात लिहून पाठवावं, महिनाअखेरीपर्यंत. मी पाहिलं आहे. इतकंच नाही, कोण राहणार, कोण जाणार ती यादी माझ्या हाताने केलेली आहे. त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे आलं. आणि आयुष्यात एकही काम मुदतीबाहेर न जाऊ देणारा मी, अकरा दिवस झाले, त्या एका ओळीपाशी अडून बसलो आहे.

गच्चीची फरशी सात वाजताच पायाला चटके देते. हा उन्हाळा दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला तोच एक उन्हाळा आठवतो.

*

मॉर्टर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण प्राजक्ताला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. जमिनीवर एक जाड लोखंडी थाळी. तिच्यावर तिरकी उभी केलेली नळी, पुढे दोन पायांचा आधार. वरून बम सोडायचा. तो घसरत तळाला जातो, टोचणीवर आपटतो, पेटतो आणि आभाळात उंच जाऊन टेकडीच्या पलीकडे पडतो. रायफलची गोळी सरळ जाते, तिला टेकडीमागचं दिसत नाही. मोठ्या तोफा फार मागे असतात, आणि त्यांना किती तरी ठिकाणांहून मागणी असते. त्यांचा नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. मधल्या पट्ट्यात पुढे सरकणाऱ्या शिपायाला हाताशी असतो तो मॉर्टर. पलटणीचा स्वतःचा, ओळखीच्या माणसांचा. वायरलेसवर "खोत, जरा डावीकडे" म्हटलं की नळीवर नेम धरणाऱ्या खोतला कळतं.

"म्हणजे घरचा गॅस आणि हॉटेलचं पार्सल," प्राजक्ता म्हणाली.

"तसंच समज."

या नळीला उन्हाळा कळतो. बमांच्या पेट्या उन्हात राहिल्या की बमातली दारू तापते, जास्त जोराने जळते, आणि बम ठरल्यापेक्षा पुढे जाऊन पडतो. किती पुढे, त्याचा तक्ता असतो. तो तक्ता माझ्याकडे असायचा, मी नाईक होतो, हिशेब आणि नकाशा माझं काम. उस्ताद पेटीला हाताची पालथी बाजू लावायचे, जशी आई पोराच्या कपाळाला लावते, आणि म्हणायचे, "पन्नास कमी कर." मग मी थर्मामीटर काढायचो, तक्ता उघडायचो, बोटाने रकाना धरून खाली यायचो. पन्नास. कधी चाळीस निघालं तर ते म्हणायचे, "तुझा थर्मामीटर सावलीत हुता." आणि तो सावलीत असायचा.

ओल्या गोणपाटाचा वास, पेट्यांवर टाकलेला. त्याच्यात मिसळलेला जळक्या दारूचा गोडसर उग्र वास. कॅनव्हासच्या पिशवीतलं पाणी, त्याला दोराची चव. कडुलिंबाचा मोहर टोपीवर पडायचा. हैदराबादच्या बाहेरची ती जमीन म्हणजे नुसते धोंडे, हत्तीएवढे, एकावर एक ठेवल्यासारखे. दुपारी त्यांच्याजवळून गेलं तरी अंगाला झळ लागायची. आता तिथपर्यंत काचेच्या इमारती आल्या आहेत. प्राजक्ताचं ऑफिस तिकडेच कुठे तरी. ती तिथल्या थंड हवेत शाल घेऊन बसते.

*

आमच्या पलटणीत सहा नळ्या होत्या, एकेका नळीवर पाच माणसं. पहिला नेम धरतो. दुसरा बम सोडतो. तिसरा आणि चौथा पेटीतून बम काढून तयार करतात, आणतात. आणि पाचवा?

पाचवा "गेला" म्हणायचा.

ही पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. उस्तादांनी आणली होती, त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिली होती. बम नळीत सोडला की पाचव्याने नळीकडे कान द्यायचा, आवाज झाला की मोठ्याने म्हणायचं, "गेला!" हे ऐकल्याशिवाय दुसऱ्याने पुढचा बम नळीच्या तोंडाशी न्यायचा नाही. सहा नळ्या एकदम उडत असताना, धुरळ्यात, कानात कापसाचे बोळे घातलेल्या माणसाला आपलीच नळी उडाली की शेजारची, हे कळत नाही. एखादा बम तळाला जाऊन न पेटता बसून राहतो. त्याच्यावर दुसरा सोडला, की नळीही राहत नाही आणि माणसंही. म्हणून पाचवा.

उस्ताद स्वतः कानात कापूस घालत नसत. "कापूस घातल्यावर ऐकू काय, कप्पाळ?" असं म्हणायचे. लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, भांडी पडली तर ताटात मान घालूनच सांगायचे, "तीन थाळ्या, एक वाटी." आम्ही मुद्दाम पाडून बघायचो. चुकले नाहीत कधी.

एकदा वरच्या कार्यालयातले एक साहेब पाहणीला आले. तरुण होते, हातात फाईल, पेन सोनेरी. नळीवरच्या एकेकाला विचारत चालले, तू काय करतोस. पाचव्या जागी त्या दिवशी शिपाई कदम होता. कदमने सावधान होऊन सांगितलं, "साहब, मैं 'गेला' बोलता हूँ."

"और?"

"और कुछ नहीं, साहब."

साहेब हसले. मग आमचे कंपनी कमांडर मेजरसाहेब हसले. मग प्लाटूनचे सुभेदारसाहेब, आणि मग मीही. कदम बिचारा सावधानच उभा. उस्ताद तेवढे हसले नाहीत. साहेबांनी फाईलमध्ये काही तरी लिहिलं.

*

ती सगळी वर्षंच माणसं कमी करण्याची होती. बाजार मोकळा झाला होता. शहरातल्या कोठी चौकात टायपिंगच्या क्लासच्या पाट्या उतरत होत्या आणि त्याच खिळ्यांवर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या चढत होत्या. घरोघरी केबलच्या वायरी आल्या. आमच्या गल्लीतले एक शेजारी मोठ्या कारखान्यात फिटर. एका सकाळी ते डबा न घेता गल्लीत उभे दिसले, दुसऱ्या दिवशीही, मग कळलं की त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कोणाची ते कोणी विचारत नसे. जिकडेतिकडे एकच शब्द ऐकू यायचा: सरप्लस.

मग तो आमच्याकडे आला. नव्या रचनेचा कागद. मॉर्टर प्लाटूनच्या सहा नळ्यांच्या चार. एकेका नळीवर पाचांऐवजी तीन माणसं, बाकीची लागतील तेव्हा रायफल कंपन्यांकडून मागवावीत. तीस नावांतून बारा ठेवायची, अठरा काढायची. काढलेली रायफल कंपन्यांत जातील.

न्यायाने बोलायचं तर कागदात काही चूक नव्हती. रायफल कंपन्या खरंच रोडावल्या होत्या. कोणी कोर्सला, कोणी रजेवर, कोणी बाहेरच्या बंदोबस्तावर. शंभराच्या जागी साठ माणसं पहाऱ्याला पुरवताना कंपनी हवालदारांच्या नाकी नऊ यायचे. त्यांना आमची तीस माणसं नळ्या पुसत बसलेली दिसायची. मी त्या हवालदाराच्या जागी असतो तर मीही हीच मागणी केली असती. रचना बदलूच नये, असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. कागद बनवणाऱ्याने माणसं मोजली आणि कामं मोजली नाहीत. आणि त्याला कामं सांगायची जबाबदारी ज्याची होती त्याचं अक्षर फार सुंदर होतं.

सुभेदारसाहेबांनी मला बोलावलं. "नाईक, यादी तू कर. तुझं अक्षर चांगलं. कोण राहणार, कोण जाणार, रकाने पाडून. मेजरसाहेबांना एका नजरेत दिसलं पाहिजे."

मी खूश झालो. खोटं कशाला सांगू?

रविवारचा आउटपास घेऊन सुलतान बाजारला गेलो. तिथे जिन्याखाली एक कागदवाला होता, पिकलेल्या दाढीचे एक चाचा. बांधीव वह्या त्यांच्याइतक्या सुबक कोणाकडे मिळत नसत. मोठं, जाड पानांचं रजिस्टर निवडलं. चाचा लाकडी पट्टी घेऊन गिऱ्हाइकाला हवे तसे रकाने आखून द्यायचे.

"कित्ते खाने होना साब?"

"सात. नंबर, नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं, कोर्स, कोर्सचा दर्जा, वय."

"और कैफियत का खाना?" शेऱ्याच्या रकान्याला तिकडे तसं म्हणतात.

"नको. पान अरुंद होतंय."

"डाल लेव साब. हर रजिस्टर में रहता. लिखे बाद याद आतंय बातां."

"नक्को चाचा," मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. "मेरी यादी में याद आने का कुछ छूटताच नहीं."

ते हसले आणि सात रकाने आखले. काळ्या शाईच्या रेघा, कुठे फाटा फुटलेला नाही. ते रजिस्टर आत्ता माझ्या मांडीवर आहे. नवी रजिस्टरं आल्यावर जुनं रद्दीत निघालं, तेव्हा मी मागून घेतलं होतं. शाई तपकिरी झाली आहे, रेघा अजून सरळ आहेत.

*

यादी दोन दिवसांत झाली. नियम साधा ठेवला: मॉर्टरचा कोर्स केलेला आणि चांगला दर्जा मिळालेला माणूस वर, बाकी खाली. वरचे बारा राहतील. वाद नाही, वशिला नाही. मी लाल रेघ मारली, बाराव्या नावाखाली. आणि मग पाहिलं, की उस्ताद एकोणिसावे आहेत.

त्यांचा कोर्सचा रकाना रिकामा होता. प्लाटूनमधल्या अर्ध्या माणसांना ज्यांनी शिकवलं त्यांनी स्वतः कोर्स केला नव्हता. कारण सगळ्यांना माहीत होतं. दरवर्षी कोर्सचं पत्र यायचं, आणि दरवर्षी कोणी तरी मोठा म्हणायचा, "सुरवसे गेला तर इथे फायर कोण घेणार? दुसऱ्याला पाठवा." बारा वर्षं असंच चाललं. ते फार लागायचे, म्हणून ते कागदावर काहीच नव्हते.

मी रजिस्टर सुभेदारसाहेबांकडे नेलं. "साहेब, उस्ताद खाली जातायत."

"नियम कोणी केला?"

"मीच, साहेब."

"मग? एकाला वर घेतलास तर बाकीचे सतरा विचारतील. तुला शेरा लिहायचा असेल तर लिही, मी सही करतो. कुठे लिहितोस?"

मी पान पाहिलं. सात रकाने, कडेला बोटभर जागा. तिथे काही लिहिलं असतं तर पान घाण दिसलं असतं. हे कारण मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पान घाण दिसलं असतं.

"साहेब, जागा नाही."

"मग नको."

यादी वर गेली. मेजरसाहेबांना ती इतकी आवडली की त्यांनी ती दुसऱ्या दोन कंपन्यांना नमुना म्हणून दाखवली.

उस्तादांना लंगरवर देखरेखीला घातलं. पाय थोडा दुखायचा, म्हणून रायफल कंपनीने घेतलं नाही. मी त्यांच्यासमोर जायचं टाळत होतो. चार दिवसांनी डाळीच्या डेगीमागे भेटले.

"यादीवाले," ते म्हणाले. मला सगळे तसंच म्हणायचे, पण त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "अक्षर लई ग्वाड हाय बरं तुझं. माझं नाव मीबी इतकं चांगलं लिव्हलो नाही कधी."

"उस्ताद, मी…"

"माझं ऱ्हाऊ दे. मी डाळ बगतो. पाचव्याचं काय केलास?"

"कोण पाचवा?"

"गेला म्हणणारा. तीन माणसांत कोण गेला म्हणणार? लिव्हलास का कुठं?"

मी म्हणालो, बघतो.

*

महिन्याभरात पलटणीचा सराव लागला, शहरापासून ट्रकने अडीच तासांवर. मे महिना असाच. सकाळी नऊलाच धोंड्यांवरून हवा थरथरताना दिसत होती. एक रायफल कंपनी नाल्यातून पुढे जाऊन समोरची टेकडी घेणार, आणि तिच्यापुढे टेकडीमागे आम्ही बम टाकायचे, असा बेत. चार नळ्या, बारा माणसं. बाकीची आठ रायफल कंपन्यांकडून मागवलेली. आली चार. उरलेली चार त्याच कंपनीबरोबर नाल्यात होती, जिला फायर द्यायचा होता. कागद बनवणाऱ्याला हे सुचलं नव्हतं: ज्या वेळी नळीवर जास्त माणसं लागतात, त्याच वेळी रायफल कंपनीलाही लागतात.

आलेल्या चौघांना बम तयार करता येत नव्हते. बमाच्या शेपटीवरचे दारूचे पट्टे किती ठेवायचे, किती काढायचे, हे शिकायला वेळ लागतो. म्हणून आमची जाणती माणसं पेट्यांवर बसवली, आणि पाहुण्यांना सोपं दिसणारं काम दिलं: वरून बम सोडायचा. खोतच्या नळीवर माने नावाचा शिपाई आला. वय एकोणीस-वीस. हात स्वच्छ धुऊन आला होता, ते मला का कोण जाणे लक्षात आहे.

मी वायरलेसवर होतो. नाल्यातल्या रायफल कंपनीच्या मेजरसाहेबांचा आवाज आला, "फायर." मी म्हटलं, "रुकिए साहब." पेट्या यायच्या होत्या. परत आवाज, "कहाँ है मेरा फायर?" मी म्हटलं, "आ रहा है साहब." सहा नळ्या होत्या तेव्हा आम्ही मागणी आणि पहिला बम यांच्यात एक बिडी ओढून व्हायची नाही एवढा वेळ घ्यायचो. त्या दिवशी कंपनी नाल्यातल्या तापल्या खडकावर पालथी पडून राहिली, पोटं भाजत, आणि मी दर मिनिटाला त्यांना तेच उत्तर दिलं. खऱ्या लढाईत त्या मिनिटांत काय झालं असतं, याची यादी मी कधी केलेली नाही.

शेवटी तयार झालं. हुकूम सुटला. चारही नळ्यांत चार बम एकदम उतरले. धडधड आवाज, धुरळा. माने खाली वाकला, दुसरा बम उचलला, नळीच्या तोंडाशी आणला.

मागे शंभर पावलांवर चहाची गाडी उभी होती. तिथून आवाज आला.

"गेला नाही! खोत, गेला नाही!"

उस्ताद पळत येत होते, दुखऱ्या पायाने, हातात चहाचा ओगराळा तसाच. "तीनच गेल्यात! तीनच!"

मानेला त्या ओरडण्याचा अर्थच माहीत नव्हता. त्याने मान वर करून पाहिलं फक्त. पण खोत जुना होता. त्याने नेमाच्या काचेवरून डोळा काढला नाही, काही विचारलं नाही, नुसता मानेच्या मनगटावर फटका मारून हात बाजूला केला आणि बम त्याच्यासकट छातीशी धरला. दोघं तसेच बसले. मी नळीकडे पाहिलं. तोंडातून धूर येत नव्हता.

फायर थांबला. सगळे मागे घेतले, ठरलेला वेळ थांबलो, मग खोत आणि उस्तादांनी नळी हलक्या हाताने आडवी करून आतला बम काढला. माने ट्रकच्या सावलीत बसला होता. स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होता. उस्तादांनी त्याला चहा दिला, त्याच ओगराळ्याने.

"कुठलास रे?"

"सांगोल्याचा, उस्ताद."

"आईला पत्र लिव्ह आज," ते म्हणाले. मग ओगराळा झटकत, "पण ह्यातलं काय लिव्हू नको."

*

सरावाचा अहवाल मीच लिहिला. कच्च्या अहवालात चार ओळी घातल्या होत्या: बम न पेटणं, दुसरा बम तोंडाशी, पाचवा माणूस नसणं, हवालदार सुरवसे यांनी लंगरच्या गाडीवरून ओळखणं. सुभेदारसाहेबांनी वाचलं. ते वाईट माणूस नव्हते. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते.

"झालं का काही?"

"नाही, साहेब."

"कोणाला लागलं?"

"नाही."

"मग काय लिहितोस? हे वर गेलं तर पहिली चौकशी खोतची होईल, दुसरी मानेची. नळीवर शिकाऊ माणूस का ठेवला, हे विचारतील. कोणी ठेवला? मी. रचना बदलणाऱ्याला कोण विचारतंय?"

मी चार ओळी काढल्या. त्या जागी लिहिलं: "गोळीबार सुरक्षित पार पडला." ओळ नीट बसली, समासाला समास जुळला. पुढच्या वर्षी मला हवालदारकी मिळाली; शिफारशीत "कागदपत्रे व नोंदी उत्कृष्ट" असं होतं. उस्ताद त्याच सुमारास निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ट्रंक उचलता उचलता म्हणाले, "पाचव्याचं लिव्ह. माझं नाव नको. तेवढंच लिव्ह, की एकानं नुसतं ऐकायला पायजे."

मी म्हणालो, लिहितो.

*

"पप्पा, तुम्ही मला डिक्टेट करा ना, मी टाईप करते," प्राजक्ता म्हणते. तिला मराठी हस्ताक्षर लागत नाही. रजिस्टर हातात घेऊन तिने आकडे वाचले, नावं अडखळत वाचली, "सुर… वसे," आणि विचारलं, "ही रेड लाईन काय आहे?"

मी सांगितलं.

"आणि याच्यात तुमचं नाव कुठे?"

माझं नाव त्या यादीत नाही. यादी करणारा यादीत नसतो.

आठ पानं कशाची झाली ते सांगतो. नळ्यांची संख्या, आधी आणि नंतर. माणसांची संख्या. मागणीपासून फायरपर्यंतचा वेळ का वाढला, त्याची कारणं, अ ते ऊ. रायफल कंपन्यांची बाजूही लिहिली आहे, कारण ती खरी आहे. मागवलेला माणूस वेळेवर का येत नाही, ते लिहिलं आहे. सगळं मुद्देसूद आहे, आणि मेजरना पहिल्या पानावरच जांभया येतील. "एक पान" म्हणाले होते ते. उस्ताद म्हणतात एक ओळ. ती ओळ लिहायची तर तिच्यामागे पुरावा हवा. पुरावा तो सराव. आणि त्या सरावाचा अहवाल जर अजून कुठल्या कपाटात असेल, तर त्यात माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं आहे की काहीच झालं नाही. म्हणजे आधी मला लिहावं लागेल की मी खोटं लिहिलं होतं. खोत आता नाहीत. सुभेदारसाहेबही नाहीत. माने कुठे आहे मला ठाऊक नाही. त्याचे दोन्ही हात शाबूत असतील, सांगोल्याकडे डाळिंबं तोडत असेल, आणि का शाबूत आहेत हे त्याच्या बायकोला माहीत नसेल.

शोभा कुरडया उलटत म्हणाली, "एवढ्या वर्षांत एक रकाना भरत नाही तुमचा. वाणसामानाची यादी मात्र तीन रंगांत करता."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढंच कळतंय, तो म्हातारा कानाने गेला तरी विचारतोय, आणि तुमचे दोन्ही कान धड आहेत."

फोन पुन्हा वाजला. वीज आली होती, खाली पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. सून म्हणाली, "काका, मामंजी इचारायलेत, त्या साहेबानं नवीन कागदात नळीवर किती माणसं धरलेत?"

मी मेजरचा निरोप काढून पुन्हा वाचला. सोबत नव्या रचनेचा मसुदा नव्हता. पण एका ओळीत होतं, की या वेळी नळीवरची माणसं आणखी कमी करून यंत्राची जोड द्यायचा विचार आहे.

"आधीपेक्षा कमी," मी म्हणालो.

तिने ओरडून सांगितलं. मग उस्ताद म्हणाले, या वेळी हळू, आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसल्यासारखा: "मग लवकर लिव्ह म्हणावं, पोरा."

मी पट्टी घेतली आणि रजिस्टरच्या त्या पानावर, उजव्या कडेला, बोटभर जागेत एक उभी रेघ ओढली. रेघ वाकडी आली. वर लिहिलं: शेरा. एकोणिसाव्या नावापुढे पेन टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला आहे. आज चौदा. मुदत एकतीस. काम क्रमांक एक: बाकी.